जाड तेल

मी एका जर्मन गाडीचं डिझेल इंजिन. बोस्नियातल्या ट्राव्निक गावात, एका गॅरेजमागे, चिखलात उताणा पडून बोलतोय.

मला घडवणाऱ्यांनी माझं पथ्य ठरवून दिलं होतं: पातळ, थंडीतही धावणारं तेल, आणि डब्यावर कारखान्याचा मान्यता-क्रमांक. क्रमांक नसेल तर ते तेल माझं नव्हे. म्युनिकच्या पहिल्या मालकानं ते पथ्य सांभाळलं. मग मी बोस्नियात नेजादच्या हाती पडलो. हा गॅरेजवाला. पिंपात असेल ते ओतायचा. माझं पोट आतून झिजलं, मी खडखडू लागलो.

मला खपवायला त्यानं शोधली कोण, तर सख्ख्या भावाची विधवा, मेवलिदा. डोंगरावरच्या गावात ती सासऱ्याला, म्हणजे नेजादच्याच बापाला, सांभाळत होती. ती यायच्या आधी त्यानं माझ्यात जुन्या ट्रकचं जाड तेल भरलं. खडखड दबली. तोंडात बोळा कोंबलेल्या माणसासारखा मी गप्प झालो.

तिनं तेल मोजायची काठी ओढून पाहिली. "भाऊजी, झाकणावर तर पातळ तेल लिहिलंय. हे मधासारखं का?"

"वहिनी, तू पिठाची जात बघ, तेलाची मी बघतो. आवाज ऐक की! मांजर घुरघुरतंय नुसतं."

दुभती गाय देऊन तिनं मला नेलं. तिचा सासरा, म्हातारा रुस्तेम, गाडीच्या टपावर थाप मारून म्हणायचा, "माझ्या नेजादच्या हाताला यश आहे."

जानेवारीत एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली. रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेएवढं बर्फ. मेवलिदानं त्याला मागच्या सीटवर निजवलं आणि खालच्या दवाखान्यात न्यायला चावी फिरवली. माझ्या अंगातलं तेल तुपासारखं थिजलं होतं, वर चढेचना. मी तसाच कोरडा धावलो. निम्म्या घाटात माझं लोखंड लोखंडाला चिकटलं.

"नेजादला फोन लाव," म्हातारा कण्हला. "तो धावत येईल."

"वहिनी, गिऱ्हाईक बसलंय," पलीकडून आवाज आला. "चावी पुन्हा फिरवून बघ."

ती फिरवत राहिली. म्हाताऱ्यानं मागच्या सीटवरच प्राण सोडला.

दफन करून पुरुषमंडळी अंगणात परतली तेव्हा नेजाद सगळ्यांदेखत म्हणाला, "बाईच्या हाती इंजिन दिलं, दुसरं काय होणार?"

मेवलिदा माझी काठी घेऊन आली. त्याच्या पांढऱ्या बाहीवर तिनं ती मनगटापासून कोपरापर्यंत पुसली. काळं तेल ओघळलंसुद्धा नाही.

"हे तुमचं, भाऊजी. बापाला तुम्ही पाजलंत ते."

कॉफीचे कप तेवढे वाजत राहिले. नेजादनं सदरा बदलला, आणि त्याच आठवड्यात मला भंगार म्हणून उचलून आणलं.

आज त्यानं माझ्यासारखंच एक खडखडणारं इंजिन गप्प करून एका जोडप्याला विकलं. बाबांनो, गोड आवाजावर भुलू नका. तेल कोणतं, ते विचारा. जो हसून उत्तर टाळेल, त्याच्याकडून चावी घेऊ नका!

ऐकतंय कोण? गाडी फाटकाबाहेर पडली. मागच्या काचेतून त्यांची पोर नेजादला हात हलवत होती.