न धुतलेली शाल

जिन्यापासून पार रस्त्यापर्यंत रांग लागली होती आणि रांगेतली माणसं एकमेकांना आपापले नायटे दाखवत होती. अर्थात तिथे नायटा म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते 'चक्र' होतं. कुणाच्या मानेवर, कुणाच्या दंडावर, एका मास्तरांच्या तर थेट गालावर लाल, गोल, कडेला खवले सुटलेलं चक्र उमटलं होतं आणि मास्तर ते खाजवत खाजवत मिरवत होते.

वर दिवाणखान्यात बाबा. बाबांसमोर एक जाड लोकरी शाल. आलेल्या प्रत्येकाने ती घटकाभर डोक्यावरून पांघरायची.

"बारा वर्षांत हिला पाणी लागू दिलं नाही," बाबा सांगायचे. "धुतली की तेज गेलं! ज्याचं मन निर्मळ, त्याच्या अंगावर पंधरा दिवसांत चक्र उमटेल."

उमटलं तर बाबांचं तेज, नाही उमटलं तर तुमचं मन मळकं. बाबा कसे अडकणार?

त्या रांगेत लाँड्रीतली इस्त्रीवाली आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन उभी होती. पोरगी बोलताना अडखळायची, वर्गात मुलं तिची नक्कल करायची. तिची जीभ मोकळी व्हावी, एवढंच आईचं मागणं. ही बाई पंधरा वर्षं दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत राबत होती. आजाऱ्याची चादर वेगळ्या पिशवीत, उघड्या हाताने शिवायची नाही, उकळत्या पाण्यातच धुवायची, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. आणि तिनेच ती शाल लेकीच्या डोक्यावरून नीट कानांपर्यंत ओढली.

बाराव्या दिवशी पोरीच्या मानेवर चक्र उमटलं. आई अख्ख्या इस्त्रीखात्यात सांगत सुटली. बाबांनी डबीतला पांढरा लेप लावायला दिला. दोन दिवसांत लाली गेली.

"चक्र आत उतरलं," बाबा म्हणाले.

आठवड्याने ते परत वर आलं, पण आता गोल नव्हतं. नुसता पसरट, बेढब चट्टा. पुन्हा लेप. मग डोक्यात सूज आली, पू धरला, केस मुठीने हातात येऊ लागले.

"शक्ती डोक्यात चढतेय," बाबा म्हणाले. "डॉक्टरकडे नेलंस तर जीभ कायमची अडकेल."

"आई, दु-दुखतंय गं."

"सोस थोडं, बाळा."

असे तीन आठवडे गेले.

एके दिवशी कपडे निवडणारी आली नाही, म्हणून तिच्या टेबलावर इस्त्रीवालीला बसवलं. धुण्याआधी प्रत्येक खिसा चाचपायचा, हे त्या टेबलाचं काम. लाँड्रीत दवाखान्यांखेरीज बाहेरचेही कपडे यायचे; एका पिशवीत बाबांचे झगे निघाले. पिशवीवर चिठ्ठी होती: 'वेगळे धुवावेत, उकळत्या पाण्यात.' आणि एका खिशात मलमाची पिळून संपवलेली ट्यूब. तिने बोटाला लावून पाहिलं. तोच पांढरा रंग, तोच वास.

मग तिला आठवलं, बाबा शालीला कधी हात लावत नाहीत. चांदीच्या काठीने उचलतात. लोक म्हणायचे, केवढा आदर!

ट्यूब आणि चिठ्ठी पदरात बांधून, लेकीला घेऊन ती तडक त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"हे दोरे दिसतात? बुरशी. नायटा आहे हा."

"पण नायटा तर गोल असतो ना हो?"

"ह्या मलमात स्टेरॉइड आहे. लाली दाबतं, बुरशीला मोकळं रान देतं. मग नायटा नायट्यासारखा दिसतच नाही. आणि मुलांच्या डोक्यात शिरला की कधी कधी असा सुजून पिकतो."

"केस येतील ना?"

"गोळ्यांनी बुरशी जाईल. पण जिथे व्रण धरलाय तिथे केस नाही येणार. आधी आणली असतीत तर..." बाईंनी गोळ्या लिहून दिल्या.

पुढच्या बैठकीला इस्त्रीवाली जिना चढून वर गेली. भरल्या खोलीत तिने शाल उचलली.

"बाबा, आज तुम्ही पांघरा. तुमच्याइतकं निर्मळ मन कुणाचं?"

"मला गरज नाही, माई."

"घटकाभरच." ती पुढे सरकली. बाबा मागे सरकले. पाठ भिंतीला टेकली तशी त्यांनी काठी आडवी धरली.

"लांब हो! अंगाला लावू नकोस ती!"

मास्तरांचा खाजवणारा हात गालावरच थांबला. तिने ट्यूब काढली, चिठ्ठी वाचून दाखवली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. निम्मी खोली खाली उतरली. उरलेल्या निम्मीतून एक बाई म्हणाली, "हिचंच मन मळकं असणार." आणि रांग पुढे सरकली.

पोरीची बुरशी गेली. बोलणं तसंच अडखळतं. टाळूवर तळहाताएवढी गुळगुळीत जागा राहिली आहे. परवा तिथे हात फिरवत तिने विचारलं, "आई, तू रोज चा-चादरी उकळतेस ना? मग ती शाल का नाही उ-उकळलीस?"

आईने तिचा हात टाळूवरून काढून आपल्या हातात घेतला.

ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापाशी तरी आहे का? दिवसभर कामावर वापरतो ती अक्कल आपण असल्या जिन्याच्या पायथ्याशी चपलांबरोबर काढून ठेवतो. अंगावर चट्टा उठला तर डॉक्टरला दाखवा. आणि एखादी वस्तू धुवायची नाही, तपासायची नाही असं कुणी बजावलं, तर का नाही, हे तिथल्या तिथे विचारा. त्या पोरीने नऊ वर्षांची असताना, अडखळत का होईना, विचारलं.