पांढऱ्या शर्टाचा नायक

भूमिकाने पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं. "आजी, हे वाच. म्हणजे माझं काय झालंय ते तुला समजेल."

माझ्या या नातीला सिंधीपुऱ्यातल्या एका लग्नात रितेश नावाचा मुलगा भेटला. दोनदा बोलणं झालं, आणि आता रविवारी त्याच्या घरचे होकार घ्यायला येणार होते. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, अंग काढून घेतलं. म्हणे, आई हो म्हणाली तर हो.

कादंबरी मी दोन दुपारींत संपवली. तिसऱ्या पानावर नायिका नायकाला पाहते आणि चौथ्यावर त्याच्यासाठी जीव द्यायला निघते. त्याचं आडनाव तिला एकशेबाराव्या पानावर कळतं. मागे खुनी लागलाय, तरी दोघांना एकमेकांच्या डोळ्यांत बघायला फुरसत आहे. खुनी कोण हे मला विसाव्या पानावरच कळलं. नायिकेला शेवटपर्यंत कळत नाही. कसं कळणार? ती डोळ्यांतच बघत बसलेली.

तेही सोसलं असतं. पण हा नायक दिवसभर केळीच्या बागेत कोयत्याने वाट काढत पळतो आणि बाहेर येतो तो पांढऱ्याशुभ्र शर्टात! या लेखकाने केळी खाल्ली असतील, केळीचा चीक काही पाहिलेला नाही. कपड्याला लागला की काळा पडतो आणि कपडा फाटेपर्यंत जात नाही. लग्न होऊन दापोऱ्याला आले तेव्हा पहिलं वर्ष मी ह्यांचे शर्ट रागारागाने घासण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी एकदा पाहिलं, तर हे माझ्या नकळत विहिरीवर स्वतःच शर्ट घासत बसलेले. मला हा माणूस आवडायला लागला तो त्या दिवसापासून. एवढ्या वेळात ही कादंबरी संपून रद्दीत गेली असती.

"भिकार पुस्तक आहे," मी भूमिकाला म्हणाले.

"आजी, तू भी ना! दिल की बात आहे ती."

"असू दे. शनिवारी मळ्यात केळीची कटाई आहे. त्याला बोलाव."

"टेस्ट घेणार त्याची?"

"हो."

रितेश आला, तोही पांढरा शर्ट घालून. मला हसू आवरेना. आमच्या जुन्या गड्याने, लोटूने, त्याच्या खांद्यावर घड दिला. दहा घड ट्रकपर्यंत नेईतो कॉलरपासून कमरेपर्यंत चीक ओघळला होता.

"जवाईबापू, हा शर्ट आता गया," लोटू म्हणाला.

रितेशने शर्टाकडे पाहिलं, चेहरा पडला. खिशातून फोन काढला. "मम्मी, तुमने दिया वो शर्ट खराब कर दिया मैंने. हां, मेरी ही गलती." मग फोन ठेवून अकरावा घड उचलायला गेला.

बांधावर पुस्तक घेऊन बसलेली भूमिका माझ्याकडे बघत होती.

"मुलगा बरा आहे," मी म्हणाले.

"मग उद्या हो सांगू?"

"नाही. पुढची बाग लावू, ती निसवू दे, केळफुलांची कमळं बाहेर पडू देत. तोवर भेटा, भांडा. मग सांग."

"आठ महिने, आजी!"

"आडनाव तरी नीट पाठ होईल."

रितेश येऊन तिच्या शेजारी टेकला. मानेवरून चीक गळत होता, पुसायला काही नव्हतं. भूमिकाने पुस्तक उघडलं.

"आजी, पुसायला कोणतं पान फाडू?"

"तिसरं काढ. चौथं त्याच्याच पाठीवर आहे."

तिने पान फाडलं.