हळदूच्या कंगव्याची तक्रार

मित्रांनो, मी हळदूच्या लाकडाचा एक जुना कंगवा आहे आणि मी रागावलेला आहे. इतर कंगवे म्हातारपणी आपण केलेली सेवा आठवत बसतात. मला ते जमणार नाही. मला सोळा दात होते, आज बारा आहेत. गेलेल्या चार दातांचा जाब मला विचारायचा आहे. खोटं एक अक्षर सांगणार नाही. कुठे थोडं वाढवलं तर तो माझा स्वभाव समजा.

केळझरच्या जत्रेत बसणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. कानशीने एकेक दात काढला, मग चार दिवस तिळाच्या तेलात बुडवून ठेवलं. "दात इतके दूर दूर काऊन?" असं बायांनी विचारलं की तो म्हणे, "हा साध्यासुध्या केसांचा नाई, बाई. याले जंगलच पाह्यजे."

ते जंगल सिंदीला होतं. स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून असलेले वासुदेवराव, त्यांची बायको लीलाबाई आणि अकरा वर्षांची मुलगी नलू. लीलाबाईंनी मला नलूसाठी घेतलं.

काय ते केस! जाड, राठ, आणि वरपासून खालपर्यंत लाटाच लाटा. रविवारी न्हाऊन झालं की ते असे फुगत, की नलूला दारातून आडवं व्हावं लागे. एकदा त्यांत पाटीवरची पेन्सिल हरवली ती तिसऱ्या दिवशी सापडली. एक चिमणी तर घरट्यासाठी जागा पाहून गेली. लीलाबाई म्हणतात, चिमणीबिमणी काही नव्हती. पण तेव्हा केसांत मी होतो, त्या नव्हत्या.

आता त्या घरची रीत ऐका. शिकेकाईने न्हाऊन केस उन्हात कडकडीत वाळवायचे. मग मला कपाळापाशी खुपसायचं आणि दोन्ही हातांनी खाली ओढायचं. वाटेतला प्रत्येक गुंता माझ्यापुढे ढकलला जाई आणि मानेपाशी सगळ्यांची मिळून एक गाठ होई. तिथे नलू किंचाळे आणि माझा दात कडकन मोडे. असे तीन गेले. आणि शिव्या कोणाला? मला! "कंगवाच बेकार निघाला," म्हणे. उरलेल्या शिव्या नलूला.

चोपन्न साली दिवाळीनंतर वासुदेवरावांची थोरली बहीण प्रमिलाबाई आली. नलूच्या धाकट्या काकाचं लग्न होतं, सोमवारी सेलूला निघायचं होतं. बाईंनी नलूकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"हे झिपरं घेऊन लग्नात येतं का व तू? पाव्हणे काय म्हणतीन?"

"आत्या, माहे केस असेच आहेत."

"असे कोनाचे नसते! लीला, आयक. रविवारी दुपारपर्यंत हे डोकं नीट बसलं तर बसलं. नाई तं मी कात्री फिरवतो."

नलूचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे केस तापात कापले होते आणि पोरींनी तिला वर्षभर चिडवलं होतं. पण लीलाबाईंनी नणंदेपुढे मान डोलावली. बाईंनी नागपूरहून आणलेला गुलाबी प्लॅस्टिकचा कंगवा पुढे केला. सुईएवढ्या बारीक दातांचा तो शहाणा पहिल्याच ओढीला अर्धा तुटला! त्याला कोणी बेकार म्हटलं नाही. केसांना म्हटलं.

आणि मला? मला दिलं अंगणात तानबाजीला. हा म्हातारा गडी अंबाडीचे दोर वळत असे. माणसाच्या डोक्यावरून मी अंबाडीच्या वाखावर, म्हणजे सालीच्या धाग्यांवर, आलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण मित्रांनो, त्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसाने मला पहिल्यांदा नीट धरलं. वाख आधी ओला केला. मग जवस उकळून काढलेलं बुळबुळीत पाणी त्याला चोळलं. मग माझे दात अगदी शेवटच्या टोकाला लावले. बोटभर सोडवलं, मग जरा वर, मग आणखी वर. कुठे ओढ नाही, कडकड नाही. दात तेराचे तेरा शाबूत!

शनिवारी नलू रडत तिथे येऊन बसली. रडता रडता तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं.

"तानबाजी, तुम्ही खालून काऊन सुरू करता?"

"वरून ओढलं तं गाठ घट्ट होते, बाई. खालचा मोकळा झाला का वरचा आपोआप येते."

"अन् वाळल्यावर?"

"वाळल्यावर हात नाई लावाचा. वाळला वाख फिसकारते, धागा धागा सुटा होते."

नलूने डोळे पुसले आणि मला उचललं. "हा मले द्या."

"घेऊन जा. गाडगं बी ने. जवसाचं पानी आहे त्यात."

रविवारी सकाळी ती विहिरीमागे न्हायली. केस ओले असतानाच जवसाचं पाणी चोळलं आणि मला टोकाला लावलं. मी जन्मभर मानेपाशी अडकणारा, त्या दिवशी कमरेपासून टाळूपर्यंत चढत गेलो. मग तिने केसांना हात न लावता ते सावलीत वाळू दिले. दुपारी ओसरीवर आली तेव्हा पाठीवर काळ्याभोर लाटा एकीवर एक शिस्तीत बसल्या होत्या.

प्रमिलाबाई कात्री घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एक बट बोटांत धरली, सोडली, परत धरली.

"काय लावलं?"

"जवसाचं पाणी. अन् खालून विंचरलं."

बाईंनी कात्री बाजूला ठेवून मान खाली केली आणि आपला अंबाडा सोडला. काय सांगू! तोच राठपणा, त्याच लाटा. पन्नास वर्षं चापून बांधलेल्या.

"माह्या मायनं कधी मोकळे सोडू देल्ले नाई," त्या हळूच म्हणाल्या. "बस मागं. पाह्य, तुले जमते का."

नलूने बाईंचे केस ओले करून जवसाचं पाणी चोळलं आणि ती मला घेऊन मागे बसली. मानेपाशी जुनी गाठ होती. बाईंना धीर निघेना; त्यांनी हात मागे नेऊन मला हिसका दिला आणि माझा चौथा दात मोडला. मी शिव्यांची वाट पाहिली.

"मीच ओढलं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "त्याचा काई दोष नाई."

एवढं ऐकायला मला चार दात द्यावे लागले. म्हणून मित्रांनो, हात जोडून नाही, रागावूनच सांगतो. केस ओले असताना विंचरा, टोकापासून वर या आणि अडलं की थांबा. ज्या पोरीचे केस सरळ बसत नाहीत तिला झिपरी म्हणायच्या आधी आपला हात कुठून सुरू झाला ते पाहा.