नॉर्वेच्या पाण्याचा दाखला

खाणकामगारांची रक्षक संत बार्बरा हिच्या सणाचा बँड सायलेशियातल्या एका कोळसा-खाणवस्तीतून वाजत गेला, तेव्हा निवृत्त खाणकामगार एवाल्ड सणाच्या गणवेशातली काळ्या तुऱ्याची टोपी गुडघ्यावर घेऊन स्वयंपाकघरात बसला होता. काच कारखान्याची नवी विजेची भट्टी गावातच येणार, असे त्याने मित्रांना केव्हाच सांगून टाकले होते. भट्टी कुठे उभारावी याचा अहवाल त्याची मुलगी सबीना लिहीत होती ना!

"इथे नाही येत, बाबा," बटाट्याचे गोळे वळता वळता ती म्हणाली. "स्वीडनला जातेय."

"का? आपल्या विजेला काय धाड भरलीय?"

"त्यांची वीज पाण्यावर नि अणूवर होते. युनिटमागे तीसेक ग्रॅम कार्बन. आपली कोळशावर, सहाशेच्या वर. भट्टी तीच, काच तीच. धूर मात्र वीसपट."

"त्याच धुरावर शिकलीस, पोरी."

"शिकले ना! म्हणून तर मोजता येतो."

एवाल्डने खुर्ची पुढे ओढली. "खाणीतला माझा सोबती रुफिन म्हणतो, वीज नॉर्वेच्या पाण्यावर झाली असा दाखला विकत मिळतो. मग कागदावर आपलीही वीज स्वच्छ."

"मिळतो. कायद्यातही बसतो. पण तारेतून येणार कोळशाचीच." तिने हात पुसले. "आकडा चढून पाळी थांबू नये म्हणून खाली खाणीत मिथेनमापकाला फडकं गुंडाळायचे, तसंच हे."

 एवाल्डचा धाकटा भाऊ अल्फोन्स अशाच एका पाळीवरून वर आला नव्हता. पृथ्वीच्या पोटातला तो मुका वायू कोणाचा आकडा वाचून पेटत नाही.

संध्याकाळी खाणकामगारांच्या बिअर-मेजवानीला समोरासमोरच्या दोन गटांचे बाक भरले. एकमेकांची टर उडवायची आणि थापाड्याची मान लाकडी खोड्यात अडकवायची, ही तिथली रीत.

"काय एवाल्ड," समोरून रुफिन ओरडला, "माझ्या जावयाला भट्टीवर कामाला कधी पाठवू?"

"भट्टी येत नाही. स्वीडनला चाललीय."

"थापाड्या! गावातच येणार म्हणाला होतास! घाला खोड्यात!" बाक गरजले.

रुफिन मात्र हसला नाही. त्याचा जावई वर्षभर घरी बसून होता. "मुलीला दाखला घ्यायला सांगायचंस की रे."

"सांगितलं. नाही म्हणाली." एवाल्ड थांबला. "बरोबर म्हणाली."

कोणी ओढायच्या आत तो उठला आणि खोड्यात मान देऊन वाकला. वरची फळी बसली. दोन्ही बाकांनी गाणे उचलले. रुफिन तेवढा पेल्यात पाहत बसून राहिला.