ठेंगण्या ताऱ्याचं उत्तर

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांवर नव्या पाट्या झळकल्या, नळाला पाणी मात्र आलं नाही. अशा कोरड्या उन्हात कॉलेजातले रेणुकादास सर रेणापूरला एसटीतून उतरले ते एकच गोष्ट कबूल करायला. त्यांची विद्यार्थिनी शिवकांता, तिचे दोन गुण त्यांनीच कापले होते.

बी.एस्सी.च्या पेपरात प्रश्न होता, कार्बन तारे राक्षसी, म्हणजे अवाढव्यच का असतात? आदर्श उत्तर असं, की म्हातारा होऊन फुगलेला ताराच पोटात कार्बन शिजवतो. शिवकांताने लिहिलं, नेहमी तसंच असतं असं नाही. एक ठेंगणा ताराही कार्बनने माखलेला सापडलाय. त्याच्या पोटात एवढी धग नाही. त्याचा जोडीदार आधी म्हातारा झाला, फुगला, आपली काजळी याच्या अंगावर टाकून आक्रसत गेला. आता तो इतका मंद झालाय, की दिसतही नाही.

हे परदेशी मासिकात वाचून सरांनीच वर्गात सांगितलेलं. तपासायला आलेल्या पेपरवर नाव नव्हतं, पण अक्षर ओळखू आलं आणि तिथेच सरांनी माती खाल्ली. आपल्याच विद्यार्थिनीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तांबडी रेघ ओढली. अब्रूला फार जपणारी माणसं अशीच भेकड होतात. पोरीचा पहिला वर्ग दोन गुणांनी हुकला, औरंगाबादचं एम.एस्सी. गेलं. फेरतपासणीचे अर्ज परवापर्यंत घेणार होते. सरांनी आपली चूक लिहून दिली, तर काम होणार होतं.

शिवकांता टँकरच्या रांगेत होती. घागर शेजारणीला सोपवून तिने सरांना घरी नेलं. वडील मडिवाळप्पा "शरणु शरणार्थी" म्हणत, हात जोडून उठले आणि घरातलं उरलंसुरलं पाणी तांब्यात ओतून पुढे केलं. "तुमच्यामुळंच पोरगी एवढी शिकली, गुरुजी."

सरांनी तांब्या न पिताच खाली ठेवला. "फेरतपासणीची मुदत परवा संपते," ते कसंबसं म्हणाले.

"कशाला, सर? तपासणारा कोणी अडाणी असंल, त्याला ठेंगण्या ताऱ्याचं काय ठाऊक?" शिवकांता म्हणाली. "तुमच्या हाती पेपर पडला असता, तर दिले असते न्हाई का गुण?"

मडिवाळप्पा कौतुकाने त्यांच्याकडे बघत होते. खिशातला, चुकीची कबुली लिहून आणलेला कागद सरांच्या छातीला टोचत होता.

"दिले असते," सर म्हणाले.

"मग बास, सर. मला तेवढंच लई हाय. आता अर्ज न्हाई करत मी," ती म्हणाली आणि रांगेतला नंबर जाऊ नये म्हणून लगबगीने निघून गेली.