ताटली वाजण्याआधी

टण्.

भर दुपारी वस्ती चिडीचूप असताना नळाखाली पालथी घातलेली ताटली वाजली. झोपलेल्या लेकीच्या, अलफियाच्या मानेखालचा हात अलगद काढून सबीहा अंगणात धावली. त्या आवाजाच्या कितीतरी आधीपासून मी फिरत होतो. पण माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही. मित्रांनो, मी त्या नळावरचा एक जुना मीटर आहे. काचेला तडा गेलाय, पितळेवर हिरवट डाग चढलेत.

कारखान्यात माझ्या पोटात एक इवलंसं चाक बसवलं. ते फिरलं की आकडे पुढे सरकतात. जिथे पाणी जपतात, अशा घरी आपण जावं, एवढीच माझी हौस होती. ती पुरी झाली. जानेफळच्या पुढे, टेकाडावरच्या एका वस्तीत, सबीहाच्या दारात मला बसवलं.

तांदूळ धुतलेलं पाणी तिथे भांड्यांना जायचं. अलफियाची अंघोळ घमेल्यात, आणि घमेल्यातलं पाणी संडासात. सबीहाचे सासरे फकीर मोहम्मद नमाजाआधी हातपाय धुतात, त्याला वजू म्हणतात. ते वजू करायला बसायचे लिंबोणीच्या आळ्याशी, म्हणजे थेंबन् थेंब मुळाशी जाई. त्या लोट्याभर पाण्यावर लिंबोणी उभी होती. अलफिया तिला आपली धाकटी बहीण म्हणायची आणि तिच्याशी भांडायचीही.

आमची वस्ती पाइपाच्या अगदी शेवटाला. पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणून सगळे नळ उघडे ठेवतात आणि खाली ताटली पालथी घालतात. पहिला थेंब वाजला की घर जागं होतं. पण पाण्याआधी पाइपात कोंडलेली हवा येते, सूं सूं करत, बराच वेळ. माझ्या चाकाला हवा काय आणि पाणी काय! हवेने तर ते जास्तच जोरात पळतं.

मग कोणता भाग पाणी किती शहाणपणाने वापरतो, हे ठरवायला मोजणीवाले आले. त्यांच्यातला नीळकंठ माझ्यासमोर उकिडवा बसला आणि रुमालाने माझी काच पुसली. इतक्या वर्षांत ती कुणी पुसली नव्हती. आकडा पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. सबीहाने सांगून पाहिलं, की भाऊ, पयले नुसती हवाच येते, त्यानंच हे पळते.

तो समजुतीने हसला. "वहिनी, माणूस खोटं बोलेल. मीटर नाही बोलत."

मला मिळालेली ही एकुलती एक शाबासकी. ती अजून बोचते.

चावडीच्या भिंतीवर नकाशा लागला. खालची आळी हिरवी, आमची वस्ती लाल. खालच्या आळीत रोज गाड्या धुतात, पण ते बोअरचं पाणी. त्याला मीटर नाही. त्यांना हार घातले. आणि उधळ्यांना शिस्त लागावी म्हणून आमची पाण्याची पाळी अर्ध्यावर आणली. गिरणीत खालच्या आळीच्या सुलभाकाकू म्हणाल्या, "काय वो सबीहा, तुह्या घरी गंगा वाह्यते म्हणे. थोडी धाड न आमच्याकडं." बायका हसल्या. सबीहाही हसली.

घरी येऊन तिने नळ गच्च आवळला. आता हवा शिरणार नाही आणि आकडा चढणार नाही, असा तिचा हिशेब. आकडा चढला नाही खरा. पण ताटलीही वाजली नाही. अलफियाला थोपटता थोपटता तिचा डोळा लागला, आणि पाणी येऊन निघून गेलं.

तेव्हापासून फकीर मोहम्मद वजूऐवजी मातीवर हात टेकवून तयम्मुम करू लागले. पाणी नसेल तर धर्माने माणसाला तेवढी सवलत दिली आहे. लिंबोणीला कुणी दिली नव्हती.

मित्रांनो, मोजू नका असं मी कसं म्हणू? मोजण्यासाठीच तर माझा जन्म. पण मोजायला याल तेव्हा घटकाभर त्या अंगणात बसा. ताटली वाजेपर्यंत तरी थांबा.

काल सबीहा अंगण झाडत होती. अलफिया लिंबोणीची वाळकी फांदी धरून उभी होती.

"अम्मी, आपण लय पाणी सांडलं म्हणतात, तं मंग हे काऊन वाळली?"