भिंतीकडची बाजू

आर्डिथ माझी धाकटी बहीण. तिने आणि तिच्या नवऱ्याने, डेल्मरने, सलाइना गावातलं चांगलं नांदतं घर विकून मोटरहोममध्ये कायमचं राहायला जायचं ठरवलं, तेव्हा मी आठवडाभर दोघांशी बोलले नाही. घर पाहावं बांधून म्हणतात. घर मोडून पाहावं असं कुठल्या शहाण्याने म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. चाकांवरचं घर सुट्टीपुरतं ठीक आहे. बारा महिने त्यात राहायचं म्हणजे डब्यातल्या लोणच्यासारखं राहायचं.

खरं तर माझा राग गाडीवर नव्हता. आर्डिथची आठवण चालली आहे आणि ती परत येणार नाही, असं विचिटाच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. एप्रिलमध्ये एकदा ती झोपेतून उठून गाउनवरच बाहेर पडली आणि सकाळी शाळेच्या बसगाड्यांच्या आवारात सापडली. जन्मभर तिने शाळेची बस चालवली. पहिल्या फेरीची वेळ झाली म्हणून गेली होती. तिथले सगळे ओळखीचे, म्हणून त्यांनी तिला कॉफी देऊन बसवून ठेवलं. आता रोज नव्या गावी मुक्काम करणार, तिथे हिला कोण ओळखणार? मी डेल्मरला तोंडावर विचारलं.

"तिला समुद्र बघायचाय, वेल्डा," तो म्हणाला. "बघितलेलं कळतंय तोवर बघू दे."

मग मी गाडी निवडायला त्यांच्याबरोबर गेले. मनात मात्र हेच होतं की एकही गाडी त्यांच्या पसंतीस उतरू नये.

गाड्यांचं आवार गावाबाहेर, हमरस्त्याला लागून. वारा तर असा, की विक्रेत्याची टोपी दोनदा कुंपणापर्यंत जाऊन आली. ब्रॅडी त्याचं नाव, तोंडात साखर. त्याने आतल्या मांडणीचे छापील नकाशे पुढे केले, पण डेल्मरने ते घडी करून खिशात घातले. गाडीत बारमाही राहणाऱ्या जुन्या मंडळींनी त्याला पढवून ठेवलं होतं: कागदावर सगळंच प्रशस्त दिसतं, गाडीत चार घटका राहून बघ. म्हणून आम्ही मीटलोफची सँडविचं बांधूनच आणली होती.

पहिल्या गाडीत डेल्मर संडासाचं झाकण लावून त्यावर बसला आणि दार ओढून घेतलं. आतून धप्प आवाज आला. "गुडघे दाराला लागतात," तो आतून म्हणाला.

"मग दार उघडं ठेवून बस. वेल्डाने तुला पाहिलंय त्याहून वाईट अवस्थेत," आर्डिथ म्हणाली.

दुसरीच्या भिंती बाहेर सरकवल्या की दिवाणखाना ऐसपैस व्हायचा. पण प्रवासात त्या मिटून घ्यायच्या, आणि मिटल्या की फ्रिजचं दार उघडेना. आर्डिथ तिथल्या शेगडीपाशी उभी राहून खोटा खोटा स्वयंपाक करत होती. मध्येच तिचा हात थांबला. ती माझ्याकडे वळली.

"मी काय करत होते?"

मी नजर फ्रिजकडे वळवली. डेल्मर मात्र सहज म्हणाला, "माझ्यासाठी ऑम्लेट."

"मग ते करपलं," ती म्हणाली. आम्ही हसलो, मी जरा जास्तच.

तिसरी गाडी लांबलचक. मागे झोपायची खोली, पलंग मधोमध, दोन्ही बाजूंनी उतरायला वाट. डेल्मरचा चेहरा खुलला. "बघ, कोणी कोणाला ओलांडायला नको. तुझे गुडघे धड नाहीत. बारमाही राहणारे सगळे हेच सांगतात." खोट काढायला मलाही काही सापडेना.

आर्डिथ खाली उतरली आणि शेजारच्या आखूड गाडीत शिरली. आम्ही मागोमाग. तिथला पलंग पार कोपऱ्यात कोंबलेला, तीन बाजूंना भिंत.

"मॅडम, मी खोटं नाही बोलणार," ब्रॅडी म्हणाला. "कायम राहणारे लोक हा घेत नाहीत. आतल्या माणसाला उठायचं तर बाहेरच्याच्या अंगावरून जावं लागतं. चादर घालायची म्हणजे तर कुस्तीच."

"हाच हवा," आर्डिथ म्हणाली.

"आर्डिथ, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी बोलून गेले. बोलले आणि जीभ तोडून टाकावीशी वाटली.

"अजून आहे," ती शांतपणे म्हणाली. "म्हणूनच आजच निवडतेय."

तिने बूट काढले, पलंगावर चढली आणि भिंतीकडे सरकली. "डेल्मर, बाहेरच्या बाजूला झोप. आणि घोर."

तो बिचारा आडवा झाला आणि डोळे मिटून घोरू लागला. आर्डिथने हात त्याच्या पलीकडे टेकला, एक गुडघा त्याच्या पोटावरून न्यायला गेली. त्याचे डोळे खाडकन उघडले आणि त्याने तिला कमरेला धरलं. ब्रॅडीला बाहेर काहीतरी काम आठवलं.

"आली ना जाग?" ती म्हणाली. "मध्येच पळून जाणाऱ्या पोराला मी बसमध्ये खिडकीशी बसवायची. बाहेरच्या अंगाला एखादं दांडगं पोर. त्याला ओलांडल्याशिवाय उतरता यायचं नाही. तुझ्या त्या ऐटबाज पलंगावरून मी दुसऱ्या बाजूने उतरून जाईन आणि तू उजाडेपर्यंत घोरत पडशील."

"मी जागा राहीन."

"रोज? टीव्हीवरच्या बातम्या संपेपर्यंत तरी जागा असतोस का?"

ती परत भिंतीशी टेकली.

"आणखी एक ऐक. एखाद्या रात्री मी तुला ओळखणार नाही. कोण हा बाप्या माझ्या वाटेत झोपलाय म्हणून ओरडेन, बोचकारेन, चावेनसुद्धा. म्हणेन, मला घरी जायचंय. तुला माझी दया येईल. तरी उठून वाट देऊ नकोस. आज मी शुद्धीत सांगतेय, वेल्डा साक्षीला आहे."

डेल्मर छताकडे बघत राहिला. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, पण त्याने ते पुसलं नाही. मला रडू आवरेना. ही हट्ट सोडेना म्हणून मी इतके दिवस हिच्यावर रागावले होते, आणि हिने मात्र त्या रात्रीचाही विचार करून ठेवला होता.

ब्रॅडीने दारातून डोकावलं. "मग काय, मधल्या पलंगाची गाडी पुन्हा बघायची?"

आर्डिथ माझ्याकडे बघत होती.

"नको," मी म्हणाले. "हीच."

"चला तर मग, सह्या करून टाकू," ब्रॅडी म्हणाला. डेल्मरने उठायला कोपर टेकलं, आर्डिथकडे पाहिलं आणि तो पुन्हा तसाच आडवा झाला.